रिकाम्या स्पॅमचा फोटो

निशा घरतला या सगळ्यात काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकलेलं बरं. मागाहून कुणी म्हणायला नको की बाईने उगाचच केलं.

उलव्याला ‘सागरसंपदा’ नावाची बारा मजली इमारत उभी राहत होती. तिच्यात सातव्या मजल्यावर, खाडीच्या अंगाला, एक खोली, हॉल आणि किचन. भाव बाजारापेक्षा आठ लाखांनी कमी, नोंदणीचा खर्च बिल्डरचा, आणि हप्ते तिच्याच पगारातून. एवढं तर कागदावर येण्यासारखं होतं. कागदावर न येणारी एक रक्कम वेगळीच होती. इमारतीचा पाया जिथे खणला, तिथे तिच्या आजोबांचं मिठागर होतं. जमीन सरकारने शहरासाठी घेतली, तिचा मोबदला पाच भावांत वाटला गेला, निशाच्या वडिलांचा, तुळशीरामचा, वाटा एका लग्नात आणि एका आजारपणात उडाला, आणि गेली सोळा वर्षं तुळशीराम रोडपालीच्या सेक्टरमध्ये भाड्याच्या खोल्या बदलत होता. दर अकरा महिन्यांनी टेम्पो. पाचव्या टेम्पोच्या वेळी तो देवघर मांडीवर घेऊन पुढे बसला आणि ड्रायव्हरला म्हणाला, “सावकाश चालव रे बाबा, देवांना पण आता सवय झाली, पण हाडं त्यांची जुनी हायत.”

तर त्या सातव्या मजल्यासाठी. कारण हलकं नव्हतं, हे आपणही मान्य करू.

इमारतीचा मालक परेश कडू, त्याच गावचा. परेशच्या बापाने मोबदल्यात मिळालेला प्लॉट विकला नाही, धरून ठेवला, एवढाच काय तो घरत आणि कडू या दोन घरांतला फरक. पण त्या फरकावर आता परेश पनवेलला एसटी स्टँडच्या मागे एसी ऑफिसात बसायचा आणि निशा त्याच ऑफिसात काचेच्या पलीकडे. तिचं काम मेल पाठवण्याचं. व्हॉट्सॲपवर लोक ब्लॉक करतात, फोन उचलत नाहीत, पण दुसरं घर घेणारा माणूस ऑफिसात बसून मेल वाचतो, असं परेशला कुणीतरी एका लग्नात सांगितलं होतं. तेव्हापासून परेशच्या डोक्यात मेल बसला. वाशीच्या एका माणसाकडून त्याने साठ हजार पत्त्यांची यादी विकत आणली आणि निशा एक दिवस रजेवर असताना स्वतःच्या हाताने त्यातल्या दहा हजारांना मेल सोडून मोकळा झाला.

“दोन फोन आले,” दुसऱ्या दिवशी त्याने तिला सांगितलं.

“अरे वा. गिऱ्हाईक?”

“एक शिव्या द्यायला. दुसरा बापाचा, इंटरनेट का बंद पडलं म्हणून.”

निशाने त्याला समजावलं. मेल पाठवणं फुकट असतं, पोचवणं महाग. पत्त्यात ॲटच्या पुढे जे नाव येतं, ते म्हणजे पाठवणाऱ्याचं घराणं. त्याला डोमेन म्हणतात. घराण्याची पत बघूनच मेल आत घेतात, नाहीतर स्पॅमच्या उकिरड्यात टाकतात. आपलं घराणं काल जन्मलेलं, आणि आल्या आल्या दहा हजार अनोळखी दारं वाजवलेली. पत कुठून येणार?

“मग पत कशी कमवायची गो?”

“हळू. पहिल्या दिवशी वीस मेल, मग तीस, मग पन्नास. लोकांनी उघडले पाहिजेत, उत्तर दिलं पाहिजे. कुणी नको म्हटलं तर त्याचं नाव काढलं पाहिजे. ‘फुकट’, ‘त्वरा करा’, तीन-तीन उद्गारचिन्हं, हे सगळं बंद.”

“आणि साठ हजार कधी होतील?”

“दिवाळीपर्यंत.”

“मला अक्षय तृतीयेला बुकिंग पाहिजे.”

तेव्हा फाल्गुन चालू होता.

मेल उघडणारी माणसं विकत मिळतात, हे निशाला ठाऊक होतं. पण भाड्याची खाती पटकन ओळखू येतात. पाहिजेत ती खऱ्या माणसांची, जुनी, वापरातली खाती. तशी कुठे मिळतील हेही तिला ठाऊक होतं, कारण चार वर्षांपूर्वी ती ज्या ठिकाणी पहिल्यांदा नोकरीला लागली, तिथे अशी खाती दर वर्षी साठ-सत्तर उघडली जात: रोडपालीचं उज्ज्वल प्रशिक्षण केंद्र. आसपासच्या वाड्यांतली, गावांतली मुलं तिथे सहा महिन्यांचे कोर्स करायची. केंद्राचे व्यवस्थापक काशीराम सर प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी मेलचं खातं उघडायला लावत. सरांनी निशाला आठ मुली दिल्या. “घरबसल्या काम आहे ना? मग घे. यांना सवयही होईल,” म्हणाले.

त्या आठांत दिपा हिलम होती. कोनच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी आहे, तिथली. आई चिंधी आणि बाप जैतू वीटभट्टीवर. वाडीतली बारावी झालेली पहिली पोर. विमानतळावर प्रवाशांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांची भरती करणारी एक कंपनी केंद्रातून मुलं घ्यायची. दिपाची मुलाखत झाली होती, निवड यादीत नाव आलं होतं, आणि आता फक्त कागदपत्रांच्या तपासणीचं बोलावणं यायचं राहिलं होतं. कर्मचाऱ्यांनी काळे बंद बूट घालायचे असतात, असं तिला मुलाखतीत सांगितलं होतं. चिंधीने पनवेलच्या बाजारातून ते आणलेही. वाडीतल्या बायका येऊन बघून गेल्या. एकीने विचारलं, “पाय दिसत नाय यातून, मग जोडवी कशाला घालायची?” दिपा ते अजून पायात घालत नव्हती. पिशवीत गुंडाळून वर आडव्या वाशाला टांगून ठेवले होते. उंदीर फार.

निशाचं काम दिपाने एका दिवसात उचललं. रोज निशाकडून पाच-सहा मेल यायचे. ते बहुतेक स्पॅममध्येच पडायचे. मुलींनी तिथे जायचं, ‘सागरसंपदा’चे मेल निवडून बाहेर काढायचे, ‘हा स्पॅम नाही’ म्हणून दाबायचं, उघडायचे, दोन ओळींचं उत्तर द्यायचं. मग उरलेला कचरा एका फटक्यात रिकामा करायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी मोजदाद सोपी. संध्याकाळी दोन फोटो: काम करण्याआधीच्या स्पॅमचा एक, रिकाम्या स्पॅमचा एक. दोन फोटो आले की चाळीस रुपये. महिन्याचं इंटरनेटचं रिचार्जही निशाकडून.

“उत्तरात काय लिवायचं ताई?” दिपाने विचारलं होतं.

“काहीही. फ्लॅट बघायला आवडेल, असं लिही.”

दिपा रोज मनापासून लिहायची. ‘सातव्या मजल्यावरून खाडी दिसते का?’ ‘पाणी चोवीस तास असते का?’ ‘शेजारी कोण असते?’ बाकीच्या सात मुली एकच ओळ चिकटवायच्या. दिपाने मात्र महिनाभरात ती अख्खी इमारत प्रश्न विचारून विचारून पाहून घेतली.

चैत्र लागला. निशाच्या हिशेबाने नव्या डोमेनवरून दिवसाला तीनशे मेल सुखरूप जात होते. परेशच्या हिशेबाने पन्नास हजार शिल्लक होते. त्याने तिला केबिनमध्ये बोलावलं आणि सातव्या मजल्याचा नकाशा टेबलावर पसरला.

“तुळशीरामकाकांना सांग, आगरात परत चला म्हणावं. फक्त थोडं वर.” मग आठ लाख, नोंदणी, हप्ते, सगळं सांगितलं. “पण यादी संपली पाहिजे. अक्षय तृतीयेच्या आधी आठ दिवस. कशी, ते मला सांगू नको. मला कळतं पण नाय.”

न कळण्याचा हा गुण मोठ्या माणसांत हमखास सापडतो, आणि त्याचं भाडं नेहमी दुसऱ्याकडून वसूल होतं.

निशाने दोन दिवस नेहमीचे तीनशे मेल पाठवले. तिसऱ्या दिवशी तिला उज्ज्वल केंद्राचं डोमेन आठवलं. खरं म्हणजे आठवलं पहिल्याच दिवशी, दोन दिवस ती ते विसरायचा प्रयत्न करत होती. अकरा वर्षं जुनं डोमेन. महिन्यातून दोनदा मेल जाणार: परीक्षेची तारीख, फीची पावती, प्रमाणपत्र. पाठवलेला प्रत्येक मेल मुलं उघडत, आई-बापांना वाचून दाखवत. एकही तक्रार नाही. धुतल्या तांदळासारखी पत. मेलची सगळी व्यवस्था तिनेच चार वर्षांपूर्वी लावली होती, आणि काशीराम सरांनी पासवर्ड तिच्यानंतर कधी बदललाच नव्हता. “तुझ्याकडे असला म्हणजे माझ्याकडेच असल्यासारखा,” ते म्हणाले होते.

एका सोमवारी दुपारी तिने मेल सोडणाऱ्या बाहेरच्या एका सेवेला केंद्राचं नाव वापरायची परवानगी दिली. दहा मिनिटांचं काम. सरांच्या संगणकावर त्यातलं काहीच दिसणार नव्हतं. पहिल्या दिवशी बारा हजार गेले, आणि बारा हजारांतले बहुतेक लोकांच्या पुढ्यात जाऊन पडले. ऑफिसातले फोन वाजायला लागले, ते वाजतच राहिले. परेशने पेढे मागवले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा हजार. डोमेनची पत दाखवणारा एक आलेख असतो. ‘उत्तम’वरून तो ‘मध्यम’वर आला. लोक तक्रारीचं बटण दाबत होते, कारण प्रशिक्षण केंद्राच्या पत्त्यावरून फ्लॅट का विकताहेत, ते कुणाला कळेना. तिसऱ्या दिवशी ‘कमी’. निशाने मनाशी म्हटलं, आता इथेच थांबावं. चौथ्या दिवशी तिने उरलेले सोडले, कारण एकाच दिवसापुरते उरले होते. संध्याकाळी आलेख ‘वाईट’वर जाऊन टेकला.

महिनाभर काही पाठवलं नाही की येईल वर, तिने हिशेब केला. ताप उतरतो तसा. आणि केंद्राचे मेल असतात तरी किती?

तो हिशेब एका गोष्टीला चुकला. त्याच्या पुढच्या बुधवारी काशीराम सरांनी एकतीस मुलांना बोलावणं पाठवलं: सोमवारी सकाळी अकरा वाजता, मूळ कागदपत्रांसह, न आल्यास निवड रद्द.

सरांनी फोन का केला नाही, असं वाटेल. त्याला कारण होतं. आदल्या वर्षी कुणीतरी व्हॉट्सॲपवर विमानतळाच्या नोकरीचं खोटं पत्र फिरवलं होतं आणि केंद्राच्या तीन मुलांकडून पैसे उकळले होते. तेव्हापासून सरांनी भिंतीवर लिहून लावलं होतं आणि प्रत्येक बॅचकडून म्हणवून घेत: ‘केंद्राचा निरोप फक्त केंद्राच्या मेलवर. फोनवर, व्हॉट्सॲपवर कुणी काही सांगितलं तर खोटं समजा आणि ब्लॉक करा.’ शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसं एका सुरात.

शनिवारी, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, निशा आठवड्याचे पैसे काढायला मुलींचे फोटो मोजत बसली. रोज ती फक्त आकडा बघायची. ‘सागरसंपदा’ किती, पाच की सहा. त्या दिवशी दिपाच्या गुरुवारच्या पहिल्या फोटोवर तिचं बोट थांबलं. स्पॅममधले नऊ मेल. पाच आपले. एक लॉटरीचा, एक कर्जाचा, एक केस उगवण्याच्या तेलाचा. आणि चौथ्या ओळीत, लॉटरी आणि तेलाच्या मध्ये: उज्ज्वल प्रशिक्षण केंद्र, कागदपत्र तपासणी, सोमवार.

दुसरा फोटो नेहमीसारखा. रिकामा. खाली दिपाचा निरोप: ‘झालं ताई.’

निशाने बाकी सात मुलींचे फोटो उघडले. त्यांच्यात निवड झालेल्या आणखी दोघी होत्या. दोघींच्या फोटोत तीच ओळ. मग तिने फोन उलटा ठेवला.

तिने दिपाला फोन लावला. नंबरवर इनकमिंग बंद. निशा देत होती ते रिचार्ज नुसतं इंटरनेटचं होतं, चाळीस रुपये वाचत होते त्यात. कोन काही लांब नाही. रिक्षाने वीस मिनिटं, वर चढून वाडी आणखी दहा. जाऊन सांगितलं असतं तर? तर दिपाने विचारलं असतं, ताई, तुमाला कसं ठाव? आणि एकीला सांगायचं तर एकतीस जणांना सांगायला हवं. म्हणजे सरांना. म्हणजे सगळंच.

तेव्हा तिने अर्धं धाडस केलं. अर्ध्या धाडसाला पूर्ण धाडसाइतकाच घाम फुटतो, पण उपयोगी पडत नाही. ऑफिसात चौकशीसाठी एक जादाचं सिम होतं, त्यावरून तिने तिन्ही मुलींना व्हॉट्सॲपवर निनावी निरोप धाडला: ‘सोमवारी ११ वाजता कागदपत्र तपासणी आहे. मूळ कागद घेऊन जा. नक्की जा.’ खाली नाव घातलं नाही. पाठवल्यावर तिला एकदम हलकं वाटलं, आणि तिने चहा मागवला.

रविवारी अक्षय तृतीया. ऑफिसला झेंडूच्या माळा, दारात रांगोळी. परेशने पांढरा सदरा घातला होता आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तो “या, घर तुमचंच हाय” म्हणत होता. दुपारपर्यंत सात बुकिंग झाली. सातही मेल वाचून आलेली. अकराच्या सुमारास तुळशीराम धोतर बदलून आला, सातव्या मजल्याच्या कागदावर मुलीची सही होताना बघायला. त्याला खुर्ची दिली, पेढा दिला. तो पेढा हातात धरून नकाशातली खाडी शोधत बसला.

साडेबाराला दिपा आली. आठवड्याचे पैसे न्यायला. गर्दीत चपला कुठे काढायच्या ते तिला कळेना, म्हणून ती दारातच उभी राहिली. निशा उठून गेली.

“ताई, एक गंमत झाली,” दिपा म्हणाली. चेहरा असा, जसा पेपर सोपा गेलेल्या पोरीचा. “काल मला येक खोटा मेसेज आला. सोमवारी कागद घेऊन जा म्हनून. नाव नाय, गाव नाय. मी लगेच वळखला.”

“मग?”

“मग काय, ब्लॉक केला. स्पॅम म्हनून तक्रार पन टाकली. त्या दोघींना पन आलेला, त्यांना सांगितलं, तुमीपन टाका. सर बोलतात ना, आमी फसनार नाय आता.” ती हसली. “माझा खरा मेल येईलच ना. मी रोज बघते. दिवसातून चार वेळा बघते.”

आत परेशने हाक मारली, “निशा! काकांची सही पायजे साक्षीदाराला, ये लवकर!”

निशाने मागे पाहिलं. बाप पेन धरून बसला होता, टोपण काढून. सोमवार उजाडायला अजून रात्र होती. तोंड उघडायला दोन क्षण पुरले असते. तिने उघडलंही.

“बरं केलंस,” ती म्हणाली. आणि पाकिटातून दोनशे ऐंशी रुपये मोजून दिपाच्या हातावर ठेवले. मग काय वाटलं कोण जाणे, वर वीस आणखी.

“वीस जास्त झाले ताई.”

“सण आहे. ठेव.”

सोमवारी काशीराम सर कंपनीच्या गेटाबाहेर नऊ वाजल्यापासून उभे होते. एकतीसपैकी नऊ मुलं आली. अकराला सरांनी फोन करायला सुरुवात केली. ज्यांना फोन लागला त्यातल्या काहींनी आवाज ऐकूनही विश्वास ठेवला नाही, “सर, तुम्हीच सांगितलं होतं फोनवर विश्वास ठेवू नका” म्हणाले. सरांनी रिक्षा केली आणि कोनच्या वाडीवर गेले. दिपा भट्टीवर आईला भाकरी द्यायला गेली होती. तिथे गाठली, बूट वाशावरून काढले, कागद घेतले, तशीच रिक्षात घातली. पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. अधिकारी दोन वाजता यादी बंद करून गेला होता. गेटवरच्या माणसाने दिपाच्या बुटांकडे बघून म्हटलं, “नवे दिसतात.”

बुधवारी सर निशाच्या ऑफिसात आले. तिच्याकडेच येणार, दुसरं कोण होतं त्यांना मेलमधलं कळणारं? काचेच्या पलीकडे बसले, पाणी प्यायले.

“बावीस पोरांचं पत्र कचऱ्यात गेलं, निशा. अकरा वर्षांत एकदा असं झालं नाही. जरा बघतेस का, काय झालं ते?”

निशाने संगणकावर उगाच दोन-तीन पानं उघडली. “मेल कंपन्यांचे नियम बदललेत सर. हल्ली होतं असं.”

“बाहेरच्या कुणी आपलं नाव वापरलं, असं तर नाही ना?”

“नाही सर.”

“तू म्हणतेस तर नसेल.” सरांनी ग्लास खाली ठेवला. “विश्वस्तांना मी सांगितलं, चूक माझी. वय झालं म्हटलं. त्यांनी पण फार आग्रह केला नाही. एक तारखेपासून दुसरा माणूस येतोय. कंपनीने केंद्राकडून मुलं घेणं बंद केलं, तेव्हा त्यालाही फार काम पडणार नाही.”

जाताना त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढून तिच्या टेबलावर ठेवला. “पासवर्ड राहू दे तुझ्याकडेच,” सर दारातून म्हणाले. “आता आहे काय त्यात.”

कागद छापलेल्या मेलचा होता. खाडीचा फोटो, ‘सागरसंपदा, आपलं हक्काचं घर’, आणि वर पाठवणाऱ्याच्या जागी उज्ज्वल केंद्राचा पत्ता. कुणा पालकाने सरांना आणून दिला असणार. कोपऱ्यात बॉलपेनने लिहिलं होतं: ‘सर, केंद्राने आता फ्लॅटचा धंदा सुरू केला का?’ त्या ओळीखालची तारीख तपासणीच्या सोमवारच्या आधीची नव्हती, मंगळवारची होती. दोन दिवस आधी हा कागद आला असता तर, असा विचार निशाने केला, आणि मग लक्षात आलं की तिला तर सगळं शनिवारीच कळलं होतं.

वैशाखात सातव्या मजल्याची स्लॅब भरली. निशा बापाला घेऊन उलव्याला गेली. लिफ्ट नव्हती, तुळशीराम मजल्यामजल्यावर बसत चढला. वर पोचल्यावर त्याने खाडीकडे बोट केलं, मग खाली, मग पुन्हा दूर. “आगर कुठं व्हतं ते कळत नाय गो इथून,” म्हणाला. “सगळं सारखंच दिसतं वरून.”

वाळूच्या ढिगामागून कुणीतरी हाक मारली. “ताई!”

दिपा होती. भट्टी आटोपल्यावर जैतू आणि चिंधी उलव्याला मजुरीवर आले होते, सोबत तीही. डोक्यावर घमेलं, ओढणी कानामागे बांधलेली. पायात ते काळे बूट. चपलेत खिळे घुसतात म्हणून घातले होते, आता ते सिमेंटने राखाडी झाले होते.

“ही तुमची खोली का? मी वळखली. सातवा मजला, खाडीकडची. मी मेलात विचारलं नव्हतं का?” तिने घमेलं खाली ठेवलं. “दिसते बघा खाडी.”

निशा म्हणाली, “दिपा, ते सरांचं पत्र...”

“माझ्याच स्पॅमात होतं ते. सरांनी दाखवलं, तारीख-वेळ सगळं. मीच पुसलं, ना. गुरुवारी. पाच तुमचे काढले आन् बाकीचं उडवलं.” ती तुळशीरामकडे बघून बोलत होती, निशाकडे नाही. “आता कोनाला बोलायचं? बोट तर माझंच.”

खालून चिंधीने ओरडून विचारलं, “दिपे, माल चढवतेस का बोलत बसतेस? मुकादम बघतोय!” दिपाने घमेलं उचललं.

“आई बोलते, त्या मेसेजवाल्याला शिव्या घाल. कोन होता काय म्हाईत, पन खरं बोलत होता बिचारा.”

आणि ती गेली.

आता कुणाचं काय गेलं, ते मांडून ठेवू. परेशचे गेले यादीचे पैसे आणि एक किलो पेढे. त्यावर अकरा फ्लॅट विकले गेले. साठ हजार लोकांचे गेले एकेक बोटाचे कष्ट. काशीराम सरांची गेली अकरा वर्षांची पत आणि बसायची खुर्ची. बावीस मुलांची गेली नोकरी, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या बॅचचा रस्ता. निशाचं काय गेलं म्हणाल, तर ‘बरं केलंस’ हे दोन शब्द. ते बापाला कधी कळले नाहीत, आणि तो दर रविवारी सातव्या मजल्यावर चढून येतो.

दिपाचं काम चालूच आहे. परेशच्या दुसऱ्या इमारतीसाठी नवं डोमेन घेतलंय, आणि मुली त्याच. उलव्याहून परतल्याच्या संध्याकाळी, सातच्या सुमारास, तिचे दोन फोटो आले. पहिल्यात आठ मेल, दुसऱ्यात एकही नाही. खाली: ‘झालं ताई.’

निशाने चाळीस रुपये तेव्हाच पाठवले. दिपाने मात्र किंमत त्याच्या कितीतरी आधीच भरली होती.